शाळा सुरू करायचीय? आधी बंद कशी करणार ते सांगा

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत नगरपालिकेचा शाळांशी फारसा संबंध नसतो. रस्ते, पाणी, कचरा, पोलीस नगरपालिकेकडे. शाळांसाठी लोकांनी निवडून दिलेलं वेगळं मंडळ असतं आणि त्याचं अंदाजपत्रकही वेगळं. मिलवॉकी हे शहर या बाबतीत निराळं आहे. विस्कॉन्सिन राज्यानं १९९७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि मिलवॉकीच्या कॉमन कौन्सिलला, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेच्या सभागृहाला, चार्टर शाळांना मान्यता देण्याचा अधिकार मिळाला. तेव्हापासून इथले १५ नगरसेवक झाडांच्या छाटणीपासून दारूच्या परवान्यांपर्यंतच्या विषयांसोबत अधूनमधून एखाद्या नव्या शाळेवरही मत देतात.

चार्टर शाळेचा मामला आपल्या माणसाला समजायला अवघड नाही. पैसा सरकारचा, कारभार खासगी संस्थेचा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे थोडक्यात आपली अनुदानित शाळा. महाराष्ट्रातलं माध्यमिक शिक्षण पिढ्यान् पिढ्या याच पद्धतीवर उभं आहे. १८५४च्या वुडच्या खलित्यानं खासगी शाळांना अनुदान देण्याचं धोरण आणलं, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे गावोगावी संस्थाचालक नावाचा माणूस तयार झाला. त्यामुळे सरकारी पैशावर खासगी शाळा हे ऐकून अमेरिकन माणूस जसा चमकतो किंवा खूश होतो, तसं मराठी माणसाचं होत नाही.

फरक एकच आहे, पण तो मुळातला आहे. आपल्याकडे अनुदान एकदा सुरू झालं की ते सहसा सुटत नाही. चार्टर हा मुदतीचा करार असतो, साधारण पाच वर्षांचा. कबूल केलेले निकाल दाखवले नाहीत, हिशेब नीट ठेवला नाही, तर करार संपतो आणि शाळा बंद होते. नियमांतून सूट मिळण्याच्या बदल्यात संस्थेनं ही टांगती तलवार पत्करलेली असते. मिनेसोटानं १९९१ साली पहिला चार्टर कायदा केला तेव्हापासून या कल्पनेचा सगळा डोलारा या एका अटीवर उभा आहे.

आणि नेमकं याच गोष्टीवर प्रस्तावात सगळ्यांत कमी लिहिलेलं असतं.

असा एखादा प्रस्ताव वाचून पाहावा. ध्येयधोरणावर दहा पानं. अभ्यासक्रमावर त्याहून जास्त. मोठा शाळेचा दिवस, गणवेश, सकाळची सभा, सहावीपासून कॉलेजची स्वप्नं. वस्तीतल्या पुढाऱ्यांची आणि धर्मगुरूंची पाठिंब्याची पत्रं. मग अंदाजपत्रक: पहिल्या वर्षी दीडशे मुलं, दुसऱ्या वर्षी सव्वादोनशे, तिसऱ्या वर्षी तीनशे. शाळा बंद झाली तर काय, या प्रश्नाला मात्र बहुतेकदा एखादा परिच्छेद: लागू असलेल्या कायद्यांनुसार कार्यवाही करण्यात येईल. सुनावणीच्या दिवशी एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले पालक आणि मुलं सभागृहात बसतात. प्रत्येकाला बोलायला दोन-तीन मिनिटं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीनं माइकसमोर उभं राहून 'मला डॉक्टर व्हायचंय' म्हटलं की कुठल्या नगरसेवकाची तिला विचारायची छाती आहे की बाई, तुझी शाळा फेब्रुवारीत बंद पडली तर तू कुठे जाशील?

तरी विचारायला हवं. मला वाटतं, तोच पहिला प्रश्न असायला हवा.

दीडशे मुलांचा आकडा घेऊ. २०२३च्या कायद्यानंतर विस्कॉन्सिनमधल्या अशा स्वतंत्र चार्टर शाळेला राज्याकडून मुलामागे वर्षाला ११ हजार डॉलरहून थोडे अधिक मिळू लागले; त्याआधी ही रक्कम ९ हजारांच्या घरात होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी पट मोजला जातो. समजा त्या दिवशी दीडशेऐवजी एकशेदहाच मुलं वर्गात दिसली. चाळीस मुलं कमी म्हणजे जवळपास साडेचार लाख डॉलर कमी. इमारतीचं भाडं तेवढंच राहतं, मुख्याध्यापकांचा पगार तेवढाच राहतो, बस पाच मुलं कमी झाली म्हणून छोटी होत नाही. मग आधी संगीताचा शिक्षक जातो, नंतर विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या दोघींपैकी एक, मग पालक कुरकुरतात, काही जण मुलं काढतात आणि जानेवारीच्या मोजणीत पट आणखी घसरतो. शिकवणं वाईट होतं म्हणून बंद पडलेल्या शाळा आहेतच. पण चांगल्या हेतूनं, बऱ्या शिक्षकांनी सुरू केलेल्या कितीतरी शाळा या हिशेबापायी गेल्या.

उदाहरणं शोधायला लांब जायला नको. मिलवॉकीपासून दीड तासावर मॅडिसन आहे, विस्कॉन्सिनची राजधानी. तिथे कलीम केअर यांनी कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी मॅडिसन प्रेप नावाच्या शाळेचा प्रस्ताव शहराच्या शाळा मंडळापुढे ठेवला होता. खूप वादावादीनंतर डिसेंबर २०११मध्ये मंडळानं तो ५ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. केअर गप्प बसले नाहीत. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठ व्यवस्थेच्या कार्यालयाकडून मान्यता घेऊन त्यांनी वन सिटी ही शाळा उभी केली, लहान मुलांपासून सुरुवात करून ती वर वर वाढवत नेली. माणूस तळमळीचा, पाठीशी देणगीदार, शहरात नाव. असं असूनही जानेवारी २०२३मध्ये, वर्षाच्या मध्यात, शिक्षक मिळत नाहीत म्हणून शाळेला नववी आणि दहावीचे वर्ग बंद करावे लागले. मुलं कुठे गेली? बरीचशी त्याच सरकारी शाळांत, जिथून ती बाहेर पडली होती. शाळा मंडळाचा २०११चा नकार बरोबर होता, असं यावरून म्हणणारे आहेत. मी तसं म्हणणार नाही. मॅडिसनमधल्या कृष्णवर्णीय मुलांची आबाळ खरी होती आणि मंडळाकडे दुसरा काही धड उपाय नव्हता. मला यात दिसतं ते इतकंच, की चांगल्यातल्या चांगल्या माणसाच्या हातूनही वर्ग मध्येच बंद पडतो, आणि तसं झालं तर काय याचं उत्तर मान्यतेच्या दिवशीच कागदावर असायला हवं.

वॉशिंग्टन डी.सी.मध्ये ऑगस्ट २०२४मध्ये ईगल अकॅडमी ही लहान मुलांची चार्टर शाळा नवं वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर बंद झाली. गणवेश घेऊन झाले होते, दुसरीकडचे प्रवेश संपत आले होते. इंडियानापोलिसमध्ये २००१च्या कायद्यानं थेट महापौरांना चार्टर देण्याचा अधिकार दिला. तिथली व्यवस्था देशात चांगली मानली जाते, २००६मध्ये तिला हार्वर्डचा पुरस्कारही मिळाला. त्याच शहरात २०१४च्या सप्टेंबरमध्ये फ्लॅनर हाउस एलिमेंटरी परीक्षेतल्या गैरप्रकारांमुळे बंद झाली, वर्ष सुरू होऊन काही आठवडेच झाले असताना. ओहायोत कोलंबसमधली ईकॉट ही ऑनलाइन चार्टर तर जानेवारी २०१८मध्ये भर वर्षात बंद पडली आणि सुमारे १२ हजार मुलं एका फटक्यात शाळेविना राहिली. तिनं जितक्या मुलांचे पैसे घेतले तितकी मुलं प्रत्यक्षात शिकत असल्याचं दाखवता आलं नाही, म्हणून राज्यानं सुमारे ८ कोटी डॉलर परत मागितले होते. ज्यांना २०११च्या ऑक्टोबरमधली महाराष्ट्रातली पटपडताळणी आठवते, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. नांदेडपासून सुरू झालेल्या त्या प्रकरणात लाखो नावं फक्त हजेरीपटावरच होती. पटावर पैसा मिळत असला की पट फुगतो, मग शाळा नांदेडात असो की कोलंबसमध्ये.

आता मिलवॉकीकडे परत येऊ. इथे एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याकडे फार कुणी बघत नाही. मान्यता देतं कॉमन कौन्सिल, पण शाळा मोडली की मुलांना सामावून घ्यायची जबाबदारी मिलवॉकी पब्लिक स्कूल्सवर, म्हणजे एमपीएसवर, आणि एमपीएसचं मंडळ वेगळं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं सोपं असतं. चार्टरचे पैसे थेट एमपीएसच्या तिजोरीतून उचलले जात नाहीत हे खरं. पण मूल गेलं की पट जातो आणि अनुदान पटावर. पंचवीस मुलं एकाच वर्गातून गेली असती तर एक तुकडी कमी करता आली असती. ती जातात पंचवीस वर्गांतून एकेक. तुकडी तेवढीच, शिक्षक तेवढेच, बॉयलरला लागणारा गॅस तेवढाच. आपल्याकडे अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन हा शब्द ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांना हे समजावून सांगायला नको. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एमपीएसमध्ये लाखभर मुलं होती. आता ती संख्या सत्तर हजारांच्याही खाली आहे. सगळा दोष चार्टरचा नाही. जन्मदर उतरला, लोक उपनगरांत गेले आणि १९९०पासून व्हाउचर योजनाही, म्हणजे खासगी शाळेची फी सरकारनं भरायची योजना, आहेच.

व्हाउचर शाळांचा अनुभव तर इथल्या नगरसेवकांच्या डोळ्यांसमोर आहे. १९९१ ते २०१५ या काळात योजनेत आलेल्या शाळांपैकी ४१ टक्के पुढे टिकल्या नाहीत, असं एका अभ्यासात दिसलं. ज्या शहरात शाळा अशा उघडतात आणि मिटतात, तिथल्या सभागृहानं मान्यतेच्या अर्जात बंद करण्याचं प्रकरण सगळ्यांत जाड असावं असा आग्रह धरायला हवा होता. झालं उलटंच. २०११च्या नोव्हेंबरमध्ये याच कॉमन कौन्सिलनं कॅलिफोर्नियातल्या रॉकेटशिप या संस्थेला एका दमात आठ शाळांपर्यंत मान्यता देऊन टाकली, प्रत्येकी पाचशेपर्यंत मुलांची. संस्थेची मिलवॉकीतली एकही शाळा तोवर कुणी पाहिली नव्हती, कारण ती नव्हतीच. पहिली उघडली २०१३ साली. आठचा आकडा काही गाठला गेला नाही. जे झालं ते कदाचित बरंच झालं, पण हे सभागृहाच्या शहाणपणामुळे झालं नाही. कोऱ्या कागदावर सही करून दिली होती, समोरच्यानं तो कागद भरला नाही इतकंच.

चार्टर चांगल्या की वाईट, या वादात मला फार वेळ घालवायचा नाही. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राच्या २००९च्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस होत्या, ३७ टक्के वाईट आणि उरलेल्या सारख्याच. २०२३च्या अहवालात चित्र सुधारलं होतं: चार्टरमधली मुलं वर्षाला वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे. बॉस्टनच्या चार्टरचे निकाल देशात नावाजलेले, आणि तरी मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१६मध्ये चार्टर शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवायला ६२ टक्के मतांनी नकार दिला. ज्याला जो आकडा हवा तो मिळतो. पण सरासरीवर मूल शिकत नाही. ते एका विशिष्ट इमारतीत, विशिष्ट बाईंच्या हाताखाली शिकतं आणि ती इमारत फेब्रुवारीत कुलूपबंद झाली तर क्रेडोचे सोळा दिवस त्याला कुणी भरून देत नाही.

विरोधकांचं म्हणणंही मला पुरतं पटत नाही. सरकारी शाळा वाचवा म्हणणं सोपं आहे, पण कुणाच्या हातात वाचवायची? एप्रिल २०२४मध्ये मिलवॉकीकरांनी सार्वमतात एमपीएसला वर्षाला २५.२ कोटी डॉलरपर्यंतची वाढ थोडक्या मतांनी मंजूर केली, आणि लगेच बाहेर आलं की एमपीएसनं राज्याला द्यायचे आर्थिक अहवालच वेळेवर दिलेले नाहीत. जूनमध्ये अधीक्षकांना पायउतार व्हावं लागलं. मिलवॉकीच्या उत्तर भागातल्या एखाद्या आईनं हे पाहून शेजारच्या नव्या शाळेचा फॉर्म भरला तर तिला खासगीकरणावर भाषण देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यातून इथली आपली मराठी मंडळी तर हे भाषण देणाऱ्यांत अजिबातच बसत नाहीत. ती ब्रुकफील्डसारख्या उपनगरात घर बघतानाच आधी शाळांचे गुण बघतात आणि लाखभर डॉलर जास्त मोजून घरासोबत शाळाही विकत घेतात. निवड त्यांनीही केलेलीच असते, फक्त तिच्यावर सुनावणी होत नाही.

म्हणून नगरसेवकांनी हो म्हणावं, पण अटी घालून. माझ्या मते त्यातली पहिली अट तारखेची. शाळा बंद करायचा निर्णय संस्थेला किंवा सभागृहाला घ्यायचा असेल तर तो जानेवारीअखेर जाहीर व्हावा आणि जूनमध्ये अमलात यावा, कारण पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची धावपळ हिवाळ्यातच सुरू होते. मुलांच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, बंद पडणाऱ्या शाळेतल्या मुलांना शहराच्या इतर चार्टर शाळांनी प्रवेशात आधी घेतलं पाहिजे. न्यू ऑर्लीन्सनं हे केलं होतं. कतरिना वादळानंतर ते शहर जवळजवळ पूर्णपणे चार्टरवर गेलं, शाळा बंद होणं तिथे नेहमीचं झालं, तेव्हा सामाईक प्रवेश पद्धतीत बंद होणाऱ्या शाळांच्या मुलांना प्राधान्य ठेवलं गेलं. आणि इतकं करूनही २०२४ साली तिथल्या शाळा मंडळाला स्वतः चालवायची एक शाळा पुन्हा उघडावी लागली, कारण एक चार्टर संपली आणि तिची जागा घ्यायला धड कुणी नव्हतं. शेवटी दार उघडं ठेवायला कुणीतरी सरकारी लागतंच.

इमारतीचा मुद्दा मिलवॉकीत आणखी नाजूक आहे. एमपीएसच्या इमारतींची मालकी कागदोपत्री शहराची आहे आणि २०१५च्या कायद्यानं रिकाम्या इमारती चार्टर आणि खासगी शाळांना विकायला शहराला भाग पाडलं. म्हणजे मान्यता देणारं आणि इमारत विकणारं सभागृह एकच. लोकांच्या कराच्या पैशानं बांधलेली शाळा संस्थेनं घेतली आणि सहा वर्षांनी संस्था गुंडाळली, तर ती इमारत बिल्डरकडे जाणार की मुलांकडे परत येणार, हे कायद्याच्या चौकटीत जितकं बांधून घेता येईल तितकं खरेदीखतात बांधून घ्यावं.

मग दप्तर. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच सुटतो. शाळा बंद झाली की दाखले, गुणपत्रकं, लसीकरणाच्या नोंदी आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे वैयक्तिक आराखडे कुणीतरी ताब्यात घ्यावे लागतात. नोकरी गेलेल्या लिपिकानं ते पगाराविना जुळवत बसावं अशी अपेक्षा धरता येत नाही. स्वमग्न मुलाचा आराखडा नव्या शाळेत महिनाभर उशिरा पोहोचला तर तो महिना त्या मुलाच्या आईला विचारा.

या अटींवरचा गंभीर आक्षेप मला माहीत आहे. मोठ्या साखळ्यांकडे वकील असतात, त्या शंभर पानांचा बंद-आराखडा आठवड्यात आणून देतील. वस्तीतल्या चार निवृत्त शिक्षकांनी काढलेली शाळा मात्र अशा कागदांत गुदमरेल. आक्षेप खरा आहे. महाराष्ट्रातही नियमांचं जंजाळ वाढलं तसं शिक्षकांनी चालवलेल्या छोट्या संस्था मागे पडल्या आणि वजनदार संस्थाचालक पुढे आले. पण नियम ढिले सोडले तर काय होतं तेही आपण पाहिलंय. 'कायम विनाअनुदानित' म्हणून शाळांना सढळ हातानं मान्यता दिल्या गेल्या, पुढे २००९ साली त्यातला 'कायम' काढला, आणि पगार आज ना उद्या सुरू होईल या आशेवर शिक्षकांनी आझाद मैदानावर उपोषणं करत वर्षं काढली. मान्यतेच्या ठरावावर हात वर करताना पुढे खर्च कोणाच्या माथी पडणार याचा विचार झाला नव्हता. मुंबई-पुण्याच्या महापालिका आकांक्षासारख्या संस्थांना शाळा चालवायला देतात, त्यातल्या काही चांगल्या चालतातही. त्या करारांनाही हाच प्रश्न विचारायला हवा, पण आपल्या सभागृहांत शाळांच्या विषयावर चर्चा कमी आणि गणवेशाच्या निविदेवर जास्त होते.

छोट्या संस्थांसाठी तोड निघू शकते. आराखडा शहरानंच तयार करावा, सगळ्या चार्टर शाळांसाठी एकच. तो तयार करण्याचं काम मान्यतेच्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितीकडे द्यावं. ती कॉमन कौन्सिलला शिफारस करते, तिला शाळांची वर्षावर्षाची कुंडली माहीत असते. आणि पैसा सामाईक ठेवावा. अनेक राज्यांत मान्यता देणारी यंत्रणा शाळांकडून देखरेखीचं शुल्क घेते. त्यातूनच किंवा त्याच्या जोडीला मुलामागे वर्षाला १०० डॉलर वेगळ्या खात्यात ठेवले, तर ३०० मुलांच्या एका शाळेतून पाच वर्षांत दीड लाख डॉलर जमतात. शाळा बंद झाल्यावर एक मुख्याध्यापक, एक समुपदेशक आणि एक लिपिक यांना चार-पाच महिने पगार द्यायला आणि सगळं दप्तर एमपीएसकडे पोहोचवायला एवढे पुरावेत. करार नीट पार पडला आणि वाढवला गेला तर जमलेली रक्कम पुढच्या मुदतीत तशीच चालू ठेवावी. संस्थेनं पाच वर्षांनी ती परत मागितली, तर देऊ नये.